टेनेसीचा वॉल्ट्झ, पण घडवला कुणी?

नॅशव्हिल : इथल्या ब्रॉडवे रस्त्यावर भर दुपारीच बारमधून गिटारी वाजू लागतात. मंचापुढे एक बरणी असते. तिच्यात नोट टाकायची आणि फर्माईश करायची. परवा एका वयस्क जोडप्यानं ‘टेनेसी वॉल्ट्झ’ मागितलं आणि खुर्च्या सरकवून दोघं नाचू लागली. तीन मात्रांचा संथ झोका, आपल्या दादऱ्याच्या जवळचा. गोष्ट साधी : नाचताना प्रेमाचं माणूस मैत्रिणीनं पळवलं.

गाणं जन्मलं ते रस्त्यावरच. 1946 साली पी वी किंग आपल्या वाद्यवृंदाच्या ट्रकमधून नॅशव्हिलकडे निघाला होता. रेडिओवर बिल मन्‍रोचं ‘केंटकी वॉल्ट्झ’ लागलं. शेजारच्या राज्याला वॉल्ट्झ आहे, मग टेनेसीला का नको? किंगकडे एक बिननावाची चाल होतीच. गायक रेड स्टुअर्टनं काड्यापेटी फाडून उलगडली आणि तिच्या पाठीवर शब्द उतरवले.

स्टुअर्ट इथला; पण किंग विस्कॉन्सिनच्या पोलिश घरातला, मूळ आडनाव कुचिन्‌स्की, हातात अकॉर्डियन. वॉल्ट्झ तर युरोपातून आलेला. पुढे अलाबामाचे कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक अर्स्किन हॉकिन्स यांनी हे गाणं आपल्या ढंगात वाजवलं. ती तबकडी तेव्हा ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकात असलेल्या जेरी वेक्सलरच्या कानावर पडली आणि त्यानं ते गाणं ओक्लाहोमाच्या पॅटी पेजच्या व्यवस्थापकाला सुचवलं. 1950 मध्ये पेजनं स्वतःच्याच आवाजावर आवाज चढवून ते ध्वनिमुद्रित केलं. तबकडीच्या दर्शनी बाजूला नाताळचं गाणं होतं. ते विसरलं गेलं. मागच्या बाजूचं हे गाणं देशात अव्वल ठरलं.

1952 मध्ये जपानमध्ये किशोरवयीन एरी चिएमीनं ते लोकप्रिय केलं. साठच्या दशकात सॅम कुकनं त्याचा ठेका वेगवान केला, ओटिस रेडिंगनं त्याला सोल संगीताचा सूर दिला. इथलं कंट्री संगीत ‘खेड्यातल्या गोऱ्यांचं संगीत’ म्हणून ओळखलं जातं, पण या गाण्याच्या वाटेवर किती दारं उघडी होती!

1965 साली टेनेसीच्या विधिमंडळानं त्याला अधिकृत राज्यगीत केलं. आपलेपणाची खूणगाठ इथं अशी पडते : गाणं आधी गावोगाव फिरून येतं, मग सरकार शिक्का मारतं. मौज अशी, की प्रियजन गमावताना जो वॉल्ट्झ वाजत होता, तो गाण्यात ऐकू येतच नाही; त्याची नुसती आठवण येते. परवाचं जोडपंही आपल्याच कुठल्या तरी वॉल्ट्झवर नाचत असावं.