बाग कोणाची आणि ती राखणार कोण?

आजचा विषय आहे शहरातल्या बागा, मैदानं आणि तलाव. निवडणुकीत यांच्यावर कोणी फार बोलत नाही. रस्ता, पाणी, गटार झाल्यावर उरलेल्या पैशांतून बाग, असाच समज असतो. फौजेतून निवृत्त होऊन मी रायपूरला राहतो, म्हणून दाखले इथले देईन. तुम्ही नागपूर, इंदूर, बेळगाव कुठेही असा, हिशेब तोच लागू पडेल.

आधी जबाबदारी कोणाची ते पाहू. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. राज्यांनी नागरी संस्थांकडे सोपवायच्या १८ विषयांची ही यादी. त्यात उद्यानं, बागा, क्रीडांगणं यांची सोय हा वेगळा विषय म्हणून लिहिलेला आहे. म्हणजे घटनेच्या नजरेत बाग ही शोभेची वस्तू नाही, नागरी सोय आहे. नगर निगमाकडे, म्हणजे महाराष्ट्रातल्या भाषेत महापालिकेकडे, ती मागणं हा उपकार मागणं नव्हे.

आता मोजमाप. केंद्र सरकारच्या २०१४ सालच्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलं आहे. २०११ च्या जनगणनेत रायपूरची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी वर होती. माणशी १० मीटर धरले तरी सुमारे २,५०० एकर जागा लागते. कलेक्टर कचेरीजवळ आमच्याकडे ऑक्सिझोन आहे, सुमारे १९ एकरांचा. भर शहरात एवढी झाडी राखली ही चांगलीच गोष्ट. पण ती दहा लाखांत वाटली तर माणशी ए-फोर कागदापेक्षा जराशी मोठी जागा येते.

इथे एक सावधगिरी सांगतो. सरासरीवर विसंबू नका. नवा रायपूरचं जंगल सफारी २०१६ साली सुरू झालं, ते ३२० हेक्टरांचं आहे. ते या हिशेबात धरलं की माणशी तीन चौरस मीटर एका फटक्यात वाढतात. कागद भरला, पण जुन्या वस्तीतल्या गल्लीत खेळणाऱ्या पोराला काय मिळालं? तिथे जायला गाडी हवी, तिकीट हवं, सुट्टीचा दिवस हवा. वर्षातून एकदा पाहायची जागा वेगळी आणि रोज संध्याकाळी जायची जागा वेगळी.

म्हणून दुसरं माप अंतराचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने सुचवलेला साधा नियम असा: घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे पाच मिनिटांच्या चालीवर, निदान अर्धा ते एक हेक्टर सार्वजनिक हिरवी जागा असावी. नकाशा घ्या, प्रत्येक बागेभोवती ३०० मीटरचं वर्तुळ काढा. जे मोहल्ले सगळ्या वर्तुळांच्या बाहेर राहतील, पुढचा पैसा तिकडे गेला पाहिजे. बहुधा त्याच वस्त्या दाट असतात, तिथली घरं लहान असतात आणि अंगण नसतं. म्हणजे बागेची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच ती नसते.

तिसरा मुद्दा, बाग कोणासाठी? फौजेत हालचालीआधी रेकी करतात, म्हणजे जमीन प्रत्यक्ष पाहून येतात. तशी रेकी बागेची करा. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला जा. सकाळी माझ्यासारखे पेन्शनर चालताना दिसतील. दुपारी अनेक ठिकाणी फाटकाला कुलूप असतं. संध्याकाळी बायका-मुलं येतात, पण दिवे बंद असले की अंधाराआधीच निघून जातात. शौचालय नसेल तर म्हातारी माणसं आणि बायका फार वेळ थांबत नाहीत. आणि ‘क्रिकेट खेळण्यास मनाई’ ही पाटी तर सगळीकडे. मनाई जरूर करा, पण त्या मुलांनी कुठे खेळायचं हे त्याच पाटीवर लिहा. बाग आणि मैदान या दोन वेगळ्या गरजा आहेत. धोरणात दोन्हींची तरतूद वेगळी हवी.

चौथा मुद्दा देखभालीचा, आणि माझ्या मते खरा अपयशाचा मुद्दा हाच. ठाणं जिंकणं एक आणि राखणं दुसरं, हे प्रत्येक फौजी जाणतो. बाग उभारायला केंद्राच्या योजनांतून पैसा येतो. २०१५ साली सुरू झालेल्या अमृत योजनेत उद्यानांचा समावेश होता. रायपूर २०१६ साली स्मार्ट सिटी यादीत आलं. पण माळी, पाणी, चौकीदार, तुटलेला झोपाळा यांचा खर्च दरवर्षी आपल्याच शहराच्या तिजोरीतून करावा लागतो. म्हणून नव्या बागेच्या मंजुरीच्या कागदावरच पुढच्या दहा वर्षांचा देखभाल खर्च आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहिलेलं असावं. ते नसेल तर मंजुरी थांबवावी. उद्घाटनाचा दगड टिकतो आणि कारंजं बंद पडतं, हे आपण सगळीकडे पाहतोच.

शेवटचा मुद्दा, जागा वाचवण्याचा. छत्तीसगढीत जुन्या गावांचं वर्णन ‘छै आगर छै कोरी तरिया’ असं करतात. कोरी म्हणजे आपली कोडी, वीस. सहा कोड्या आणि वर सहा, म्हणजे १२६ तलाव. रायपूरही तलावांचंच शहर. बूढातालाब, तेलीबांधा, महाराजबंध आजही आहेत. तेलीबांध्याच्या काठाला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात, संध्याकाळी तिथे गर्दी असते. पण राजबंधा मैदानाच्या फक्त नावात तलाव उरला आहे. तलाव बुजला की फिरायची जागा जाते आणि पावसाचं पाणीही घरात शिरायला मोकळं होतं. म्हणून आमच्यासारख्या शहरात तलाव हा बागांच्या धोरणाचाच भाग मानला पाहिजे.

या बाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. लखनौच्या झंडेवाला पार्कखाली बाजार बांधला जात होता, तो तोडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश १९९९ साली झाला. पण कोर्टात जायचं तर ती जागा उद्यानासाठी राखीव आहे याचा पुरावा हाताशी लागतो. तेव्हा आपल्या वॉर्डातल्या मोकळ्या जागांची यादी करा: खसरा क्रमांक, क्षेत्रफळ, मालकी, विकास आराखड्यातलं आरक्षण. महाराष्ट्रात खसऱ्याऐवजी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर पाहा. मालकी नीट तपासा, कारण एक जागा निगमाची, दुसरी वन विभागाची, तिसरी गृहनिर्माण मंडळाची असते आणि तक्रार घेऊन गेलं की प्रत्येक जण दुसऱ्याचं दार दाखवतो. माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा.

ही यादी घेऊन चार-पाच शेजारी मिळून नगरसेवकाला भेटा, आणि तेही बजेट ठरायच्या आधी. बजेट झाल्यावर फक्त आश्वासन मिळतं. एका वॉर्डाची यादी म्हणजे दोन रविवारांचं काम आहे. पुढच्या भागात ती यादी प्रत्यक्ष कशी भरायची ते रकान्यांसह सांगेन.

जय हिंद.