नियमाचा हिशेब

नीतिविचारांची ओळख : लेखांक ६

गेल्या आठवड्यात बेंथम यांची उपयुक्ततावादी कसोटी पाहिली. समोरच्या पर्यायांपैकी ज्यातून सगळ्यांचं मिळून अधिक सुख निपजेल, तो योग्य. ही कसोटी दर कृतीला नव्याने लावायची असते. त्यामुळे दिलेला शब्द, राखलेलं गुपित, निरपराध्याला शिक्षा न करण्याचा दंडक, यांतलं काहीच आधीपासून बंधनकारक राहत नाही. आज मोडून अधिक भलं होत असेल, तर मोडावं. हे बहुतेकांच्या मनाला पटत नाही, माझ्याही पटत नाही.

उपयुक्ततावाद्यांपैकी काहींनाही ते खटकलं. त्यांनी तोड काढली ती अशी : हिशेब कृतीचा करू नये, नियमाचा करावा. कोणता नियम समाजात रुजला तर एकंदरीने भलं होईल ते आधी ठरवावं, आणि प्रसंग आला की त्या नियमाला धरून वागावं. हा नियमनिष्ठ उपयुक्ततावाद. त्याची बीजं बिशप जॉर्ज बर्कली यांच्या १७१२ मधल्या लेखनात सापडतात. जॉन स्टुअर्ट मिल हेही याच बाजूचे होते, असं जे. ओ. अर्मसन यांनी १९५३ मध्ये मांडलं. पण या विचाराचा कस मला ग्रंथांपेक्षा एका खटल्यात अधिक लागलेला दिसतो. योगायोग असा की तो ज्या गावात उभा राहिला, त्या कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला नाव याच बिशपचं आहे.

१९६९ साल. भारतातून शिकायला गेलेला एक विद्यार्थी तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात मानसोपचार घेत होता. एका तरुणीने त्याला नाकारलं होतं. ती परदेशातून परतली की आपण तिला ठार मारणार, असं त्याने मानसशास्त्रज्ञाला सांगितलं. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं, तो भानावर असल्यासारखा वाटला, तिच्यापासून दूर राहण्याचं त्याने कबूल केलं, आणि त्यांनी त्याला सोडून दिलं. त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना मात्र कोणीच काही सांगितलं नाही. ऑक्टोबरमध्ये त्याने तिचा खून केला. आईवडिलांनी दावा लावला. तो 'टारासॉफ खटला' म्हणून ओळखला जातो आणि कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अंतिम निकाल १९७६ मध्ये दिला.

बेंथम यांच्या कसोटीने पाहिलं तर प्रश्न उरतच नाही. एक फोन केला असता तर एक जीव वाचला असता. पण न्यायमूर्ती विल्यम क्लार्क यांनी आपल्या भिन्नमताच्या निकालपत्रात वेगळा प्रश्न लावून धरला : उपचार करणाऱ्याने अशी माहिती बाहेर द्यावी हा नियमच झाला तर काय होईल? मनात हिंसा असलेला माणूस उपचारांना येणारच नाही. आला तरी मोकळेपणाने बोलणार नाही. विश्वास गेला की उपचार निष्फळ, आणि मग हिंसा वाढेल. शिवाय आपल्यावर ठपका नको म्हणून डॉक्टर अधिक रुग्णांना सक्तीने डांबून ठेवतील. एका मुलीच्या मृत्यूसमोर हे बोलणं कठोर वाटतं. तरी त्यात एकही शब्द निष्काळजीपणाचा नाही. ज्यांची नावं कोणालाच कधी कळणार नाहीत, अशा माणसांच्या जिवांचा विचार त्यात आहे.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती मॅथ्यू टोब्रिनर यांनी लिहिला. गुपित राखण्याचं मोल त्यांनी नाकारलं नाही. मात्र लोकांच्या जिवाला धोका सुरू होतो तिथे त्या संरक्षणाची हद्द संपते, असं त्यांनी ठरवलं. धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या रक्षणासाठी उपचार करणाऱ्याने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. काही इशारे नाहक ठरतील, पण वाचू शकणाऱ्या जिवांपुढे ती किंमत परवडणारी आहे. दोन्ही न्यायमूर्तींनी नियमाच्या परिणामांकडे पाहिलं आणि दोघे उलट टोकांना पोहोचले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नियमाचा हिशेब करा असं सांगणं सोपं आहे, पण त्यासाठी लागणारी आकडेवारी बहुधा हाती नसते. किती रुग्ण घाबरून आलेच नाहीत, हे कोण मोजणार?

आक्षेप आणखी आहेत. या वेळी नियम मोडल्याने अधिक भलं होणार हे पक्कं कळत असूनही तो पाळणं म्हणजे नियमाची पूजा, असं जे. जे. सी. स्मार्ट यांनी १९५६ मध्ये सुनावलं. बरं, प्रत्येक वेळी एकेक अपवाद जोडत गेलं तर नियम आणि बेंथम यांची कसोटी यांत फरकच उरत नाही, हे डेव्हिड लायन्स यांनी १९६५ मध्ये दाखवलं. हा दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. त्याला ब्रॅड हूकर यांनी २००० मध्ये दिलेलं उत्तर मला पटतं. माणसांना शिकता येईल, पुढच्या पिढीच्या मनात उतरवता येईल आणि ज्यावर दुसऱ्याला विसंबता येईल, असाच नियम त्यांनी मोजणीत धरला. शंभर पोटकलमांचा नियम कोणाच्या मनात उतरत नाही. मोठा अनर्थ टाळण्यासाठीची मुभा मात्र त्यात बसते.

म्हणूनच मी टोब्रिनर यांच्या बाजूने आहे. त्यांचा अपवाद एका वाक्यात सांगता येतो आणि रुग्णाला तो आधी कळू शकतो. क्लार्क यांचा प्रश्न अधिक नेमका होता, पण त्यांच्या उत्तरात त्या मुलीला काहीच स्थान उरत नाही.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम २३ याच वाटेने जातं. उपचारांची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे. दुसऱ्या कोणाला इजा किंवा हिंसेपासून वाचवायचं असेल तर ती उघड करता येते, तीही गरजेपुरतीच. घरातल्या कोणाला मानसोपचारांसाठी नेणार असाल, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून ही मर्यादा समजून घ्या, आणि रुग्णालाही ती समजू द्या.