चेहरा बघून रोग कळतो काय?



कारखान्याच्या कामानिमित्त आम्ही मुंबईस गेलो होतो. साखरेची पोती उतरवून मोकळा झालेला एक ट्रक ड्रायव्हर सोबत होता. (नाव छापत नाही.) संध्याकाळी जुहूच्या चौपाटीवर भेळ खाल्ली. तिथल्या सार्वजनिक संडासात जायला मात्र गडी तयार होईना. म्हणाला, "नको साहेब, तिथनं गुप्तरोग लागत्यात." आणि थोड्या वेळाने रस्त्यावरच्या मुक्कामांच्या गोष्टी सांगताना हाच गडी हसत म्हणतो, "आपण माणूस पारखून घेतो. नीटनेटकी दिसली की भ्या नाय."

म्हणजे भीती होती, पण भलत्या ठिकाणी! संडासातून वा चहाच्या कपातून गरमी, परमा, एड्स लागत नाहीत. आणि चेहऱ्यावरून ते कळतही नाहीत. परम्याची बाधा झालेल्या पुष्कळ स्त्रियांना काहीच त्रास जाणवत नाही. गरमीचा फोड दुखत नाही, काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. माणूस म्हणतो बरा झालो. रोग आत तसाच. एचआयव्ही तर वर्षानुवर्षे गप्प बसतो. उसाचा उतारा आपण पाला बघून ठरवत नाही, रसाचा ब्रिक्स पाहतो. इथेच तेवढी पारख डोळ्यांवर का सोडावी?

"एकदा गेल्यानं काय होतंय" हा दुसरा हिशोब. बाधित स्त्रीकडून एका संबंधात पुरुषाला परमा लागण्याची शक्यता सुमारे पाचात एक. एचआयव्हीची हजारात एकाहूनही कमी; पण अंगावर गरमीची जखम असली की ती कैक पटीने वाढते. शिवाय मुक्काम काही एकच नसतो, आणि घरी बायको असते.

याच मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून हे विषय उघड मांडले, खटलेही सोसले. आपण अजून कुजबुजतोच.

निरोध वापरावा, शंका आली की रक्त तपासावे. गरमी-परमा औषधाने बरे होतात. एचआयव्हीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या नेमाने घेऊन विषाणू दबला की जोडीदाराला लागण होत नाही. तपासणी गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७च्या कायद्याने घातले आहे.

हे सारे आम्ही त्याला वाळूत बसून सांगितले. बराच वेळ गप्प होता. मग हळूच विचारले, "मंडळींनाबी न्यावं लागंल का?"

"होय," आम्ही म्हणालो.

सकाळी गडी गाडीवर नव्हता. कूपर रुग्णालय जवळच आहे. दोन-अडीच तासांनी आला, गाडी सुरू केली. आम्हीही काही विचारले नाही.