किडलेली दाढ : काढावी की ठेवावी?

समजा, डहाणू तालुक्यातल्या रानशेतच्या शाळेत सहावीत एक मुलगी आहे. थंड पाणी प्यायली की गाल धरून बसते. तोंड उघडून पाहिले, तर खालच्या दाढेत काळा खड्डा. घरचे म्हणतात, "दुधाची दाढ आहे, पडेल." पण सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, जी दाढ उगवते ती कायमची असते. दात पडला नाही म्हणून ती आल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि नेमकी हीच दाढ फार लवकर किडते.

'कीड' हा शब्दही फसवा आहे. दातात अळी नसते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन अळ्या पाडण्याचा उपाय आपल्याकडे जुना आहे. पण दात पोखरतात ते जिवाणू. अन्नातल्या साखरेपासून ते आम्ल तयार करतात. वरचे कठीण इनॅमल फुटले, की आम्ल खालच्या डेंटिनमध्ये उतरते. डेंटिनच्या आत असतो मगज, म्हणजे पल्प : रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि जिवंत पेशी यांचा मऊ गोळा. कीड खोल गेली, की दंतवैद्यांपुढे प्रश्न खड्ड्याच्या आकाराचा उरत नाही. हा मगज अजून सावरण्याजोगा आहे का, हा खरा प्रश्न असतो.

मगज डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दंतवैद्य आधी विचारतात, दुखते कसे? थंड लागले की कळ येते आणि काही क्षणांत थांबते, तर मगज चिडलेला आहे, पण बरा होऊ शकतो. कळ बराच वेळ रेंगाळते, काही न खाता आपोआप उठते, रात्री झोप मोडते, तर तो सावरण्याची आशा कमी. मग ते दाढेला थंड बोळा लावून पाहतात, हलकेच ठोकून पाहतात आणि क्ष-किरण चित्रात मुळाच्या टोकाशी काळी सावली आहे का ते बघतात. यांतली एकही खूण एकटीने पुरेशी नसते. थंड बोळ्याने मज्जातंतू जागा आहे एवढेच कळते; रक्तपुरवठा कसा आहे ते कळत नाही.

वर्गात सर्वांत जास्त दिशाभूल होते ती दुखणे थांबल्यावर. महिनाभर रडणारे मूल एके दिवशी हसत शाळेत येते. सगळ्यांना वाटते, दाढ बरी झाली. पुष्कळदा त्याचा अर्थ मगज मेला असा असतो. काही काळाने हिरडीवर पुटकुळी येऊन पू वाहू लागतो.

मगज जिवंत असेल, तर किडलेला भाग किती कोरायचा? या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांत उलटे झाले आहे. अमेरिकेतील जी. व्ही. ब्लॅक यांचे १९०८ चे पुस्तक सांगे, की मगज उघडा पडला तरी चालेल, मऊ डेंटिन मागे ठेवू नका. आता खड्ड्याच्या कडा कठीण लागेपर्यंत साफ करतात, पण मगजावरचा मऊ थर मुद्दाम ठेवून वरून घट्ट बुजवतात. आत कोंडलेल्या जिवाणूंना साखर मिळत नाही, ते निपचित पडतात, आणि मगज आतून नवे डेंटिन रचू लागतो. डेन्मार्क व स्वीडनमधील २०१० च्या एका अभ्यासात प्रौढांच्या खोल किडलेल्या दातांपैकी काही एकदम कोरले, काही दोन टप्प्यांत. एकदम कोरलेल्यांत सुमारे २९ टक्के दातांचा मगज उघडा पडला, टप्प्याटप्प्याने कोरलेल्यांत सुमारे १८ टक्के.

दोन टप्पे म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा यायचे. ब्राझीलमधील एका अभ्यासात थोडी कीड ठेवून एकाच भेटीत दात कायमचा बुजवला, तेव्हा तीन वर्षांनी ९१ टक्के दातांचा मगज जिवंत होता. दोन टप्प्यांच्या गटात ६९ टक्के. दुसऱ्या गटातले कित्येकजण पुन्हा आलेच नव्हते, हे त्याचे एक मोठे कारण. रानशेतहून डहाणूला जायचे तर आईबापांचा रोज बुडतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या आकड्यांचे नवल वाटणार नाही. आमच्या मते रुग्ण परत येऊ शकेल का, हा प्रश्नही निदानाचाच भाग आहे.

मगज उघडा पडलाच, तर वयही पाहावे लागते. या दाढेच्या मुळाची टोके नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत पुरती मिटलेली नसतात. तोवर मगज जगला तरच मूळ जाड आणि पुरेसे लांब होते. म्हणून लहान मुलात वरचा बिघडलेला मगज तेवढा काढून मुळातला जपण्याचा प्रयत्न करतात. मोठ्यांत मगज मेलेला असेल, तर मुळांच्या नळ्या साफ करून भरतात. त्यालाच रूट कॅनाल म्हणतात. दाढ उपटणे शेवटी येते : भिंतीच उरल्या नसतील, मूळ चिरले असेल, किंवा पुढचे उपचार खरोखरच शक्य नसतील तेव्हा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातला प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. शाळेत येणाऱ्या त्याच्या तपासणी पथकाने दातही पाहायचे असतात. पथक आले, की कोणत्या मुलाची दाढ कधी दुखत होती आणि कधी दुखायची थांबली, ते शिक्षकांनी सांगावे. गाल किंवा जबड्याखाली सूज आणि ताप असेल, तर मात्र पथकाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.