भिंतीबाहेर आलेली खिडकी

उसाच्या बिलाचा शेवटचा हप्ता खात्यावर जमा झाला, की गावोगाव विटांचे ट्रॅक्टर फिरू लागतात. ‘घर पाहावे बांधून’ असे म्हणत म्हणत आपला सभासद पायाची आखणी करतोच. अलीकडे या नव्या घरांच्या नकाशात एक गोष्ट हटकून दिसते. दिवाणखान्याची खिडकी भिंतीत न राहता दीड-दोन फूट बाहेर येते. तिला तीन बाजूंनी काचा आणि आतून बसायला कट्टा. शहरातल्या फ्लॅटमध्ये पाहिलेली ही ‘बे विंडो’. समोर एक सरळ तावदान आणि दोन्ही अंगांना तिरपी किंवा काटकोनातली तावदाने, म्हणजे बे. चार-पाच सारखी तावदाने धनुष्याच्या बाकासारखी मांडली, की तिलाच ‘बो विंडो’ म्हणतात.

खिडकी दिसते झकास, यात वाद नाही. सकाळी पेपर वाचायला जागा होते, पोरांना अभ्यासाला उजेड मिळतो. परंतु सभासद बंधूंनो, ही हौस करण्याआधी एकदा पावसाचा मुलूख बघून यावे. आपल्या ऊसपट्ट्यात पाऊस बेताचा. बांधकामातली चूक दोन-चार वर्षे झाकून राहते. जव्हार-मोखाड्यात ती पहिल्याच आषाढात उघडी पडते.

पावसाच्या मुलखातले घर

त्र्यंबकेश्वरहून पश्चिमेला निघाले, की सह्याद्रीच्या उतारावर आधी मोखाडा आणि पुढे जव्हार लागते. हे दोन्ही तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आले. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही वाऱ्याबरोबर आडवा मारणारा. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांची इथे वस्ती आहे.

इथले जुने घर नीट पाहावे. लाकडी खांब, कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचे सारवण आणि वर गवताचे किंवा कौलाचे छप्पर. या घराने खिडकी बाहेर काढलेली नाही, छप्पर बाहेर काढले आहे. वळचण इतकी खाली येते, की पडवीत शिरताना माणसाला वाकावे लागते. त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात आणि मातीचा कूड कोरडा राहतो. खिडकी नसते, किंवा असली तर हातभर. हवा कुडाच्या फटींतून येते, चुलीचा धूर छपरातून निघून जातो. शाळा न शिकलेल्या माणसांनी बसवलेला हा हिशेब आहे.

याच जव्हारला राजे यशवंतराव मुकणे यांनी बांधलेला जयविलास राजवाडा आहे, तो दगडाचा. तसल्या भिंतीला हवे ते भोक पाडा, ती हूं का चूं करणार नाही. आपल्या नऊ इंची विटेच्या भिंतीची ती ऐपत नव्हे.

बाहेर काढलेली खिडकी आपल्या देशाला नवी नाही. जयपूरचा हवामहल १७९९ साली बांधला. त्याला ९५३ झरोके आहेत. पण तिथल्या कोरड्या हवेतसुद्धा झरोक्यांवर छत्र्या आणि छज्जे दिले आहेत. विलायतेत बे विंडोची चाल एकोणिसाव्या शतकात घरोघर पसरली. तिथे ऊन दुर्मिळ, म्हणून तीन बाजूंनी उजेड घरात घ्यायचा. आपण ती खिडकी तिकडून उचलली आणि झरोक्यावरचे छत्र मात्र विसरलो. खरी गफलत इथेच आहे.

बांधताना काय पाहावे

पहिली गोष्ट दिशा. पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. शक्यतो त्या अंगाला ही खिडकी काढू नये. आपल्या भागात पश्चिमेची बे विंडो एप्रिल-मे महिन्यांत खोलीची भट्टी करते. उत्तर किंवा पूर्व बाजू चांगली.

दुसरी गोष्ट सळई, आणि ही जिवाची बाब आहे. खिडकीखालचा स्लॅब अधांतरी असतो. अशा स्लॅबला ताण वरच्या अंगाला बसतो, म्हणून मुख्य सळई वरच्या बाजूला हवी. खोलीच्या स्लॅबला सळई खालून लागते. तीच सवय इथे चालवली, तर स्लॅब वाकतो आणि एखाद्या दिवशी कट्ट्यासकट खाली येतो. पुष्कळदा सळई वरच बांधलेली असते, पण काँक्रीट टाकताना मजूर तिच्यावर पाय देतात आणि ती खाली दबते. म्हणून त्या दिवशी मालकाने जातीने हजर राहावे. बाहेर जितके काढले, त्याच्या दीडपट सळई आत गेली पाहिजे. दोन फूट बाहेर, तर तीन फूट आत. टेकू दोन आठवडे तरी हलवू नयेत, आणि काढताना मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे काढत यावे.

तिसरी गोष्ट लिंटल. सहा फुटांचे भगदाड पाडल्यावर वरच्या भिंतीचा भार कुणीतरी पेलला पाहिजे. लिंटल दोन्ही बाजूंना भिंतीवर निदान आठ इंच टेकलेले असावे. घरभर सलग लिंटलपट्टा असला तर उत्तमच. घराच्या कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आत खिडकी काढू नये. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. अशा वेळी भिंत आधी भोकाच्या कोपऱ्यापाशी तडकते. बांधलेल्या घराची भिंत फोडून ही खिडकी बसवायची असेल, तर इंजिनियरला दाखवल्याशिवाय छिन्नीला हात लावू नये.

चौथी गोष्ट पाणी. खिडकीवरचा छज्जा तिच्या काचेपेक्षा दीड-दोन फूट पुढे हवा. छज्ज्याच्या तळाला, कडेपासून इंचभर आत, बोटभर रुंदीची खाच मारून घ्यावी. पाणी तळाला धरून भिंतीकडे सरकते. खाच आली, की ते तिथेच ठिबकते. उंबऱ्याच्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. सरकत्या काचेची पट्टी पावसात भरते, तिला पाणी निघायला भोके आहेत का ते बघावे. झडीच्या जागी बाहेर उघडणारी झडपच बरी.

आधी स्वयंपाकघर

राहिली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जव्हार-मोखाड्यात आता विटांची आणि पत्र्याची घरे वाढली आहेत. २०१६ सालापासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचे आणि अनुदान सपाटीवर १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये. कातकरी समाजासाठी २०२३ साली सुरू झालेल्या जनमन योजनेत घराला २ लाख रुपये ठरले. घर पक्के झाले, ही आनंदाचीच गोष्ट. पण कूड गेला, तशा त्याच्या फटीही गेल्या. चूल मात्र पुष्कळ घरांत राहिली. २०१६ च्या उज्ज्वला योजनेतून गॅस आला, तरी सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा लाकूडफाटा. आता तो धूर जायचा कुठून? बाईच्या डोळ्यांत आणि तान्ह्याच्या छातीत.

दमट उष्ण हवेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश आणि कोरड्या उष्ण हवेत एक दशांश इतकी खिडकी असावी, असे आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेचे प्रमाण आहे. दहा बाय बाराची खोली घेतली, तर जव्हारकडे वीस चौरस फूट, आपल्याकडे बारा. हे माप एकाच मोठ्या खिडकीत कोंबण्यापेक्षा समोरासमोरच्या भिंतींत वाटावे. वारा एकीकडून आला, तर दुसरीकडून निघायला वाट हवी. स्वयंपाकघरात छपराजवळ धुराला झरोका ठेवावा. एवढे झाल्यावर पैसा उरला, तर खुशाल दिवाणखान्याची हौस करावी.

आणखी एक सांगायचे. दिवाळीनंतर या दोन तालुक्यांतली पुष्कळ कुटुंबे उचल घेऊन भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. उचल म्हणजे काय, हे ऊसतोड टोळ्यांशी व्यवहार करणाऱ्या आपल्या सभासदाला सांगायला नको. ही माणसे घरी येतात, तेव्हा पाऊस तोंडावर आलेला असतो. दुरुस्तीला हातात दिवस थोडे. त्यांच्या घराची खिडकी गळली, तर चार महिने ओल्या भिंतीशेजारी झोपावे लागते. आपल्या फडावर येणाऱ्या टोळीच्या कोपीला तर खिडकीच नसते. तिथेही वाऱ्याचा अंदाज घेऊन एक बाजू मोकळी ठेवायला आपण सुचवू शकतो, जागा थोडी उंचावर देऊ शकतो. त्याला खर्च काही पडत नाही.

तेव्हा गवंडी म्हणेल, “तात्या, काळजी नको, आपण पन्नास खिडक्या काढल्यात.” त्याचा मान राखावा, पण रंग देण्याआधी एक काम करावे. शिडी लावून छज्ज्यावर दोन बादल्या पाणी ओतावे आणि खाली उभे राहून बघावे. धार कडेवरून सुटून लांब पडली, तर गवंड्याची मजुरी हातावर ठेवावी. भिंतीकडे ओघळ आला, तर सिमेंटचे एक पोते आणखी मागवावे आणि पाऊस पडायच्या आत खाच नीट करून घ्यावी.