सहलीचा बेत : आधी दिवस मोजा, मग ठिकाणं



गेल्या काही महिन्यांत ज्या ज्या ग्रामसंघाच्या बैठकीला गेले, तिथे कर्जाचा आणि हप्त्याचा विषय संपला की एकच विषय निघतो. "मॅडम, आपल्या गटाची सहल काढायची. लांबची. देश बघायचाय." आणि मग यादी सुरू होते. काशी, जगन्नाथपुरी, रामेश्वर, कन्याकुमारी, वैष्णोदेवी, ताजमहाल, काश्मीरचा बर्फ, राजस्थानचं वाळवंट. एका ताईंनी तर विचारलं, "हे सगळं आठ-दहा दिवसांत होईल ना? नंतर कापूस आहे."

हौस शंभर टक्के योग्य आहे. यात्रा सासूबाईंची, फिरणं पोराबाळांचं आणि घर सांभाळणं आपलं, हे खूप वर्षं झालं. पण दहा दिवसांत ही यादी होत नाही. का होत नाही आणि मग काय होतं, ते या लेखात नीट सांगते.

आपला देश उत्तर-दक्षिण सुमारे ३,२१४ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २,९३३ किलोमीटर पसरलेला आहे. आकडा डोक्यात बसत नसेल तर रेल्वेनं मोजा. आसाममधल्या दिब्रुगडहून कन्याकुमारीला विवेक एक्सप्रेस जाते. ती सव्वाचार हजार किलोमीटरच्या आसपास धावते आणि पोहोचायला तिला तीन दिवसांहून जास्त लागतात. म्हणजे नुसतं एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायचं म्हटलं तरी आठवडा गाडीतच गेला. अरुणाचलात सूर्य उगवतो तेव्हा गुजरातच्या टोकाला अजून जवळजवळ दोन तास अंधार असतो. एवढा हा देश.

म्हणून माझं म्हणणं असं, की एका सहलीत एकच दिशा धरा. पुढच्या वेळी दुसरी.

गावात पत्रकं येतात, "दहा दिवसांत चौदा ठिकाणं, जेवण-चहा-नाश्त्यासह". असं पत्रक हातात आलं की पेन घ्या आणि प्रत्येक ठिकाणापासून पुढच्या ठिकाणापर्यंत किती तास लागतात ते लिहा. बेरीज केली की कळतं, रात्री बसमध्ये काढायच्या आहेत आणि प्रसिद्ध ठिकाणी फक्त पाऊण तास उतरायचं आहे. पाय सुजलेले, झोप नाही, आणि लघवीला गाडी थांबवायची तर ड्रायव्हरच्या मिनतवाऱ्या. हे कुणी पत्रकात छापत नाही. सगळेच आयोजक वाईट असतात असं नाही. पण ॲडव्हान्स देण्याआधी मुक्काम कुठे, एका खोलीत किती जणी, रात्रीचा प्रवास किती आणि सहल रद्द झाली तर पैसे किती परत, हे चार प्रश्न लेखी विचारा. लेखी देत नसेल त्याला पैसे देऊ नका.

आता आपण स्वतः बेत आखायचा तर कसा? आपल्या भागाला भुसावळ जंक्शन जवळ आहे. तिथून दिल्लीची लाइन निघते आणि हावड्याचीही. मी उदाहरणासाठी दिल्लीची लाइन धरते, कारण या एकाच सरळ रेषेवर जमिनीची इतकी रूपं दिसतात की खिडकीशी बसूनच निम्मी सहल होते.

पंजाब मेल सध्याच्या वेळापत्रकात मध्यरात्रीनंतर भुसावळहून सुटते. तापी आणि सातपुडा अंधारातच मागे पडतात, ते परतीच्या वेळी दिवसा दिसतील. सकाळी इटारसी. त्यानंतर थोड्या वेळात गाडी नर्मदेच्या पुलावर येते, तेव्हा सगळ्यांना उठवा. आपल्या तापीसारखीच ही पश्चिमेला वाहणारी नदी. पूल ओलांडला की गाडी विंध्याचा घाट चढते, दोन्ही बाजूंना जंगल. मग भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर. ग्वाल्हेरचा किल्ला गाडीतून दिसतो. मुरैना सोडल्यावर आपल्याकडे न दिसणारं काहीतरी सुरू होतं. मातीच्या उंच-खोल घळी, जणू कुणी शेतच नांगरानं उभं फाडलंय. पावसाच्या पाण्यानं माती वाहून वाहून त्या झाल्या. आपल्या पाणलोटाच्या प्रशिक्षणात बांध घातले नाहीत तर काय होतं ते सांगतात ना, ते इथे मैलोन्‌मैल दिसतं. याच घळींत पूर्वी डाकू लपायचे. मधून चंबळ नदी जाते. ती ओलांडली की मध्य प्रदेश संपून राजस्थानचं धौलपूर, आणि संध्याकाळच्या सुमाराला आग्रा.

मी म्हणेन इथेच उतरा. दिल्लीला त्याच गाडीनं गेलात तर रात्र होते, आणि पंधरा बायका सामानासकट रात्री नव्या शहरात खोली शोधत फिरतायत हे मला पटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताजमहाल. फक्त एक लक्षात ठेवा, ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी बंद असतो. गाडीची तारीख ठरवतानाच वार बघा, नाहीतर एवढं जाऊन बंद दार बघून यायचं.

पुढे मथुरा-वृंदावनला दोन मुक्काम, दिल्लीला दोन. सहाव्या दिवशी सकाळच्या गाडीनं हरिद्वार. तिथे हिमालयातून आलेली गंगा सपाटीला लागते. संध्याकाळची आरती हर की पौडीवर बघा, पण गर्दीत गट फुटू देऊ नका. हरिद्वारला तीन मुक्काम ठेवले तर एक दिवस ऋषिकेशसाठी आणि एक दिवस देवप्रयागसाठी मिळतो. देवप्रयाग ऋषिकेशहून साधारण सत्तर किलोमीटर आहे, रस्ता डोंगरातून वळणावळणाचा. तिथे अलकनंदा आणि भागीरथी एकत्र येतात आणि तिथून पुढे त्या नदीला गंगा म्हणतात. दोन नद्यांचं पाणी वेगवेगळ्या रंगाचं दिसतं आणि मग मिसळतं. माझ्या मते या पूर्ण मार्गावर बघण्यासारखी जागा हीच. ज्यांना गाडी लागते त्यांनी पोटभर खाऊन बसू नये, लिंबू-आलं जवळ ठेवावं. नवव्या दिवशी हरिद्वारहून दिल्ली, संध्याकाळची परतीची गाडी, आणि दहाव्या दिवशी घर.

"एवढ्या जवळ जाऊन केदारनाथ नाही?" असं विचारणाऱ्या ताई असणारच. केदारनाथ साडेतीन हजार मीटरपेक्षा उंच आहे. गौरीकुंडपासून साधारण सोळा किलोमीटर चढ आहे, हवा विरळ, आणि मंदिर हिवाळ्यात बंद. बीपी, दमा, हृदयाचा त्रास असलेल्या बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. ती वेगळी सहल आहे, तिला वेगळे दिवस द्या.

इतर दिशांचं थोडक्यात सांगते. राजस्थान आणि कच्छचं रण बघायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उन्हाळ्यात नाही. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आपल्याकडचा पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, पाऊस असतो, म्हणून रामेश्वर-कन्याकुमारी जानेवारी-फेब्रुवारीत बरं. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत दाट धुकं पडतं आणि गाड्या कितीतरी तास उशिरा धावतात, त्यामुळे वर सांगितलेली सहल तेव्हा नको.

आता खरी अडचण. हवामान चांगलं असतं तेव्हा आपल्याला सवड नसते. सोयाबीन, कापसाची वेचणी, मग हरभरा-गहू. मुलांच्या परीक्षा. उन्हाळ्यात सवड मिळते तेव्हा आग्र्याला आपल्यासारखंच भाजून निघतं. म्हणून गटाच्या बैठकीत आधी बारा महिने फळ्यावर लिहा आणि प्रत्येकीनं आपले अडलेले महिने खोडायचे. जे उरतील त्यात सहल बसवा. बहुतेक गटांना फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च उरेल असं वाटतं. तेव्हा होळीचा आठवडा टाळा, मथुरेत पाय ठेवायला जागा नसते.

पैशाचं आता स्पष्ट बोलते. सहलीसाठी गटातून कर्ज काढायचं नाही. फिरता निधी, समुदाय गुंतवणूक निधी, बँकेचं कर्ज यातला एक रुपयाही नाही. शेळी घेतली तर ती कर्ज फेडते, सहल फेडत नाही. परत आल्यावर हप्ता थकला की गटात भांडण आणि नाव सहलीचं खराब. त्यासाठी वेगळी बचत करा, वेगळं रजिस्टर, शक्य तर वेगळं खातं. उदाहरणादाखल एका बाईचा हिशोब मांडते. रेल्वे (स्लीपर) १,५०० रुपये. धर्मशाळा किंवा साधी खोली, आठ रात्री, ३०० प्रमाणे २,४००. जेवण-चहा दहा दिवस २५० प्रमाणे २,५००. रिक्षा, जीप, स्थानिक बस १,७००. तिकिटं, दर्शन वगैरे ५००. झाले ८,६००. अडीअडचणीला १,४०० धरले की १०,०००. दर आठवड्याला शंभर रुपये टाकले तर शंभर आठवडे, म्हणजे दोन वर्षांच्या आत. खरेदी यात नाही, ती ज्याची त्यानं. निघण्याआधी त्या वेळचे दर बघून आकडे पुन्हा मांडा.

शंभर रुपयेही न जमणारी ताई प्रत्येक गटात असते, आणि ती बैठकीत बोलत नाही, नुसती गप्प बसते. तिच्यासाठी कालावधी वाढवा किंवा पन्नासवर या. चार वर्षं लागली तरी चालतील. तिला मागे ठेवून गेलेली सहल गटाची म्हणता येणार नाही, असं मला तरी वाटतं.

मधेच कुणी बाहेर पडली तर तिचे पैसे कधी आणि किती परत, हे पहिल्याच बैठकीत इतिवृत्तात लिहा. तिकीट काढल्यावर माघार घेतली तर रद्द करण्याचा खर्च तिच्याकडे, हेही.

तिकिटाबद्दल. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होते, जुन्या माहितीवर राहू नका. एका अर्जावर सहा जणांचीच नावं बसतात, म्हणजे पंधरा जणींना तीन अर्ज. ४५ वर्षांपुढच्या बायकांना, जागा असेल तर, खालचा बर्थ मिळतो, म्हणून वय आधार कार्डावर आहे तेच लिहा. ज्येष्ठ महिलांना तिकिटात जी सवलत होती ती मार्च २०२० पासून बंद झाली, ती हिशोबात धरू नका. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण ते आपल्या राज्यात. म्हणजे स्टेशनपर्यंत.

आणि एक खास सूचना, मध्यरात्रीच्या गाडीची. गाडी १२ तारखेला पहाटे दोनची असेल तर घरून ११ तारखेला रात्री निघायचं. १२ च्या रात्री स्टेशनवर गेलात तर गाडी कालच गेलेली असते.

सोबत मूळ आधार कार्ड, रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, एक शाल, सॅनिटरी पॅड. पाळी मोठ्या देवळाच्या दिवशीच आली तर काय करायचं हे जिचं तिनं ठरवावं, तिला कुणी टोमणे मारू नयेत. पाच-पाच जणींचे तीन उपगट करा, प्रत्येकीला एक प्रमुख, गाडीत चढल्यावर आणि उतरल्यावर मोजणी. सगळे पैसे एकीच्या पिशवीत नकोत. रेल्वेत मदतीसाठी १३९, कुठेही संकटात ११२, हे नंबर कागदावर लिहून ब्लाउजच्या खिशात ठेवा, कारण फोनची बॅटरी संपते.

घरी दहा दिवस भाकरी कोण करणार, शेळ्या कोण बघणार, हे ज्या घरात बोलायचं आहे तिथे आत्ताच बोलायला लागा, तिकीट काढल्यावर नको. काही गटांनी मला घरच्यांशी बोलायला बोलावलंय, मी येईन. पुढच्या प्रभाग संघाच्या बैठकीला मी भारताचा मोठा नकाशा आणि रेल्वेचं वेळापत्रक आणते. येताना तुमच्या गटाचे मोकळे महिने, दर आठवड्याला जमणारी रक्कम आणि येणाऱ्या ताईंची वयं एका कागदावर लिहून आणा. तिथेच बसून प्रत्येक गटाचा मार्ग पेन्सिलीनं आखू.