लिंकच्या शेपटाचं सर्व्हरवर काय करायचं?

फेसबुकवरून एखादी बातमी उघडा आणि वरचा पत्ता नीट बघा. पत्ता संपला की प्रश्नचिन्ह, मग 'एफबीक्लिड' आणि पुढे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. हीच क्वेरी स्ट्रिंग. तुम्ही टाकलेली नाही, साइटवाल्यानं मागितलेली नाही. 2018 पासून फेसबुक हे शेपूट बाहेरच्या लिंकांना स्वतःच जोडतं.

म्हणाल, राहू दे की, पान तर उघडतंय! उघडतंय खरं, पण सर्व्हरवर काय होतं बघा. एकदा तयार झालेल्या पानाची प्रत कॅशमध्ये ठेवतात आणि पुढच्या माणसाला तीच देतात. ही प्रत सहसा पूर्ण पत्त्याच्या नावानं ठेवलेली असते, शेपटासकट. आणि शेपूट तर दर क्लिकला वेगळं! म्हणजे 10 हजार जण आले, तर एकाच पानासाठी स्क्रिप्ट 10 हजार वेळा धावणार, डेटाबेसला तेच तेच विचारणार. पोस्ट व्हायरल झाली की साइट झोपते, त्याचं हे एक कारण. कॅशची खरी गरज असते तेव्हाच ती कामाला येत नाही.

बरेच जण नकोशा नावांची यादी करतात: एफबीक्लिड, जीक्लिड, यूटीएम_सोर्स... ती कधी संपतच नाही, उद्या नवं ॲप नवं शेपूट लावेल. मला उलटं पटतं. बातमीच्या पानाला 'आयडी' आणि 'पेज' एवढंच लागतं ना? मग तेवढंच ठेवा. पीएचपीत हे 'अ‍ॅरे_इंटरसेक्ट_की'नं एका ओळीत होतं. पण कॅश स्क्रिप्टच्या पुढे, म्हणजे व्हार्निश किंवा सीडीएनवर असेल, तर गाळणी तिथेच लावा. स्क्रिप्टपर्यंत विनंती आली म्हणजे उशीर झालाच.

आणि हो, कॅश ज्या पॅरामीटरकडे दुर्लक्ष करते, तो स्क्रिप्टच्या हाती लागू देऊ नका. स्क्रिप्टनं तो पानात छापला, तर एकानं खोडसाळपणे टाकलेला मजकूर कॅशमधून सगळ्यांना दिसेल. याला कॅश पॉयझनिंग म्हणतात.

साफ पत्त्यावर 301 रीडायरेक्ट करू का? शक्यतो नको. फोनला एक फेरी जास्त पडते, आणि जाहिरात कुठून आली हे ब्राउझरमध्ये मोजणाऱ्याचा यूटीएम हरवतो. आतल्या आत गाळा, आणि गूगलसाठी पानात कॅनॉनिकल टॅग ठेवा.

पेमेंट किंवा लॉगिनहून परत येणाऱ्या पानांना मात्र ही गाळणी सरसकट लावू नका. तिथलं शेपूट कामाचं असतं.